खोटा मुराळी

हेमकांत वकिलांच्या तोंडचं एक वाक्य मी सहा महिन्यांत इतक्यांदा ऐकलं की आता साध्या बोलण्यात कुणी ते वापरलं तरी माझ्या कपाळाची शीर उडते. 'होऊन जाईल.' शोध अहवाल कधी मिळेल? होऊन जाईल. पेपरात जाहीर नोटीस दिली का? होऊन जाईल. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगतो. चहा पाजायचे, स्वतः उठून खुर्ची पुढे करायचे, आईच्या तब्येतीची चौकशी करायचे. पण त्यांच्या टेबलावर जो कागद एकदा पडला तो तिथंच रुजायचा.

मी भिला. शहाद्यात पाण्याच्या मोटारी भरून देतो. शेतकरी जळालेली मोटार आणून टाकतो, मी जुनी तार काढतो, नवी भरतो, तो संध्याकाळी घेऊन जातो. संध्याकाळी म्हणजे संध्याकाळी. पिकाला पाणी हवं असतं, तिथं 'बघू' चालत नाही. म्हणूनच वकिलांपुढे बसलो की माझ्या डोक्यात तिडीक जायची.

विकत घ्यायचं होतं ते घर काही बंगला नव्हता. चौदा वर्षं मी त्यातच भाड्यानं राहत होतो. पुढच्या खोलीत दुकान, मागे मी आणि आई. लग्न जमलं नाही, तो विषय वेगळा. आईला, म्हणजे अनुसयाबाईंना, काचबिंदूमुळे दहा वर्षांपासून दिसत नाही. पण त्या घरात ती आंधळी आहे हे नवख्या माणसाला तासभर कळत नाही. माठ कुठे, तवा कुठे, अंगणातला नळ किती पावलांवर, सगळं तिच्या हाताला पाठ. बाजरीची भाकरी स्वतः थापते. दोन वर्षांपूर्वी एका लग्नासाठी तिला नवापूरकडे नेलं, तर तिथल्या अनोळखी उंबऱ्यावर अडखळली आणि मनगट मोडून घेतलं. चिंचपाड्याच्या दवाखान्यात प्लास्टर घालून परत आणलं तेव्हा म्हणाली, "आते मले कोठेच नेऊ नको. मन्हं घर मन्हा हातले माहीत शे."

आणि तेच घर विकायला निघालं. घरमालक चुनीलाल नऊ वर्षांपूर्वी गेले. त्यांचा मुलगा योगेंद्र म्हसावदला शेतावर बंगला बांधून राहतो, केळी आणि ऊस करतो. दसऱ्याच्या सुमाराला तो दुकानात येऊन म्हणाला, घर काढतोय, तुम्ही घेता का, नाहीतर दुसरं गिऱ्हाईक आहे. दुसरं गिऱ्हाईक घर पाडून गाळे काढणार होतं. मी त्याच बैठकीत हो म्हटलं. सहा महिन्यांचं साठेखत झालं, इसार दिला. मुदत संपत होती आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधीच्या सोमवारी. तोवर खरेदीखत नोंदवलं गेलं नाही तर व्यवहार रद्द, इसार परत, आणि आम्ही घराबाहेर. साठेखतात वकीलसाहेबांनी एक ओळ घातली होती: कागदपत्रांची पूर्तता खरेदीदाराने स्वतःच्या जबाबदारीवर करून घ्यावी. मी ती न वाचता सही केली. वकील आपलाच आहे म्हटल्यावर वाचायचं कशाला, इतका मी शहाणा.

सहा महिन्यांतले साडेपाच गेले. कधी त्यांच्या मेहुण्याचं लग्न, कधी कोर्टाला सुट्टी, कधी नगर भूमापन कार्यालयातला माणूस रजेवर. मी विचारायला गेलो की त्यांचा मुन्शी करणसिंग आतून बाहेर येऊन हात जोडायचा. केस पांढरे झालेला, चाळीस वर्षं कोर्टाच्या आवारात घालवलेला माणूस. त्याच्या चेहऱ्यावरूनच मला कळायचं की काहीही झालेलं नाही. योगेंद्रला फोन केला की तो शांतपणे म्हणायचा, माझ्याकडून काही अडचण नाही, तुमच्या वकिलाला विचारा. त्या शांतपणाचं कारण मला नंतर कळलं. गाळेवाल्या गिऱ्हाइकानं भाव वाढवला होता. आमची मुदत उलटली तर योगेंद्रचं भलंच होतं.

शेवटी दहा दिवस राहिले तेव्हा मी दुकान बंद करून सकाळीच वकिलांच्या ऑफिसात जाऊन बसलो. म्हटलं, आज कागद हातात घेतल्याशिवाय उठणार नाही. त्यांनी चहा मागवला. मी घेतला नाही. तेव्हा कुठे त्यांनी करणसिंगला फाईल काढायला सांगितली. करणसिंगनं फाईल उघडली आणि आधी वकिलांकडे, मग माझ्याकडे पाहिलं. वरच एक लखोटा होता. रजिस्टर पोस्टाचा. त्यावर पोस्टमननं लिहिलं होतं: घेण्यास नकार, पाठवणाऱ्यास परत.

लखोट्यावरचं नाव रुपाचं होतं. योगेंद्रची धाकटी बहीण, रनाळ्याला दिलेली. घराच्या मिळकत पत्रिकेवर चुनीलालचे वारस म्हणून दोघांची नावं होती, योगेंद्र आणि रुपा. तिच्या सहीशिवाय खरेदीखत होणारच नव्हतं. हे वकिलांना चार महिन्यांपूर्वी कळलं होतं. त्यांनी तिला कायदेशीर नोटीस काढली, तीही दोन महिन्यांनी. तिनं ती घेतली नाही. परत आलेला लखोटा फाईलमध्ये पडून तीन आठवडे झाले होते आणि माझ्याजवळ कुणी अवाक्षर काढलं नव्हतं.

मी विचारलं, आता काय? ते म्हणाले, दावा दाखल करता येईल. किती दिवस लागतील? त्यांनी चष्मा काढून पुसला. तेव्हा मी जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. वकीलसाहेबांनी ते ऐकून घेतलं आणि शेवटी खालच्या आवाजात म्हणाले, "भिलाभाऊ, चूक माझीच आहे. पण सही तिचीच लागेल. ती आणा, बाकीचं मी बघतो."

करणसिंग मला सोडायला पायरीपर्यंत आला. कोर्टाच्या आवारातल्या माणसाला गावोगावच्या घरांतलं ठाऊक असतं. त्यानं सांगितलं ते असं: चुनीलालच्या तेराव्याला, पाहुणे उठायच्या आतच, योगेंद्रनं बहिणीपुढे शहाद्याच्या या घराचं हक्कसोडपत्र ठेवलं; शेत बापानं आधीच त्याच्या नावावर केलं होतं. तिनं सही केली नाही. त्या वर्षापासून तो तिच्या दारी गेला नाही. आमच्याकडे आखाजीला लेक माहेरी येते, पण आपली आपण येत नाही. भाऊ, बाप, माहेरचा कुणीतरी माणूस तिच्या सासरी जाऊन तिला सन्मानानं घेऊन येतो. त्याला मुराळी म्हणतात. मुराळी आला नाही तर लेक सासरीच राहते आणि कुणाला काही बोलत नाही. रुपाकडे नऊ वर्षं मुराळी गेला नव्हता. आणि नऊ वर्षांनी माहेराहून काय गेलं, तर वकिलाचा लखोटा.

मी त्याच दिवशी म्हसावद गाठलं. योगेंद्र केळीच्या बागेत होता, घड मोजून गाडीत चढवणं चालू होतं. मी त्याला सरळ सांगितलं, तू एकदा बहिणीकडे जा, तिला आखाजीला आण, सगळं मार्गी लागेल. त्यानं ऐकलं आणि म्हणाला, मी तिच्या दारी जाणार नाही. सही आणायची जबाबदारी कागदावर तुमची आहे. सोमवारी बोलवाल तेव्हा ऑफिसात हजर राहीन, माझी अडवणूक नाही. वर हसून विचारलं की आईसाठी दुसरं घर बघून ठेवलंय ना. मी गाडीला किक मारली, ती तीनदा लागली नाही.

मधले आठ दिवस मी रुपाला फोन करत राहिलो. नंबर लागायचा, उचलायचं कुणी नाही. शेवटी रविवारी सकाळी मी एसटी पकडली. तिच्या पाया पडायचं, हेच ठरवलं होतं. आईला म्हटलं, रुपाकडे जातोय, बघतो काय होतं. आईनं गुळाच्या सांजोऱ्यांचा डबा पिशवीत घातला. लेकीच्या घरी रिकाम्या हातानं जात नाहीत, म्हणाली. कुणाची लेक, हे तिनं विचारलं नाही. प्रकाशा गावाजवळ तापीचा पूल ओलांडला, नंदुरबारला गाडी बदलली आणि साडेदहाच्या सुमाराला रनाळ्यात उतरलो.

रुपाचं घर गावाच्या टोकाला. ओट्यावर तिची सासू धनुबाई बसली होती. मी सांगितलं, शहाद्याहून आलोय, चुनीलालशेटच्या घरून. म्हातारीनं माझ्याकडे पाहिलं, हातातल्या पिशवीकडे पाहिलं, आखाजी तीन दिवसांवर. तिनं जो अर्थ काढायचा तो काढला. आत तोंड करून म्हणाली, "रुपा, बाहेर ये. तुन्हा मुराळी उना."

शेजारच्या दोन बायका दारात आल्या. रुपा आतून आली, हात पिठाचे. मी तिला तिच्या लग्नाच्या आधीपासून ओळखत होतो. तेव्हा चुनीलालशेटचं कुटुंब घराच्या मागच्या भागात राहायचं; मी पुढच्या खोलीत नवीन आलेला भाडेकरू आणि ती कॉलेजात जाणारी पोर. आता चेहरा सुकला होता. मला पाहून आधी ओळखलं, मग गोंधळली. विचारलं, "भिलाभाऊ, भाऊनी धाडं का तुम्हले?"

त्या क्षणी खरं सांगता आलं असतं. मी तुझ्या सहीसाठी आलोय, एवढं एक वाक्य होतं. पण तिच्या चेहऱ्यावर जे काही उजळत होतं ते मी पाहिलं, आणि खरं सांगतो, तिच्या दुःखाचा विचार मनात आला नाही. विचार आला तो सोमवारचा.

मी म्हटलं, "हां. त्यानीच धाडं."

धनुबाईनं लगेच गुळपाणी दिलं. शेजारणींनी रुपाची थट्टा केली, आता आठ दिवस काही परत येत नाही ही. रुपानं कपाट उघडलं आणि घडी न मोडलेली साडी काढली. कोणत्यातरी आखाजीसाठी घेऊन ठेवली असणार. तिची बचत गटाची पिशवी तिच्यासोबत कायमच असते, त्यात आधार, पॅन, बँकेचं पुस्तक. मला विचारावंही लागलं नाही. बसमध्ये ती खिडकीशी बसली आणि प्रकाशापर्यंत बोलत राहिली. योगेंद्र आता कसा दिसतो, जाड झाला का, बापूंचा, म्हणजे चुनीलालशेटचा, फोटो कुठे लावलाय. नंदुरबार सोडल्यावर कधीतरी ती मला 'तू' म्हणायला लागली, भावाला म्हणतात तसं. मी खिडकीबाहेर पाहत हूं हूं करत राहिलो.

योगेंद्र उद्या शहाद्यातच भेटेल, आज जुन्याच घरी उतर, असं सांगून मी तिला आमच्याकडे आणलं. घरात पाऊल टाकताच आईनं तिचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला आणि नाव न विचारता ओळखलं. मला बहीण नाही. आईनं आयुष्यात कुठल्या लेकीची वाट पाहिलेली नाही. त्या दिवशी दोघींनी मिळून पुरण वाटलं, आखाजीला अजून तीन दिवस असताना. रुपा घरभर फिरली, भिंतींना हात लावत. संध्याकाळी मी तिला सांगितलं की घर विकायचं ठरलंय, मीच घेतोय, तुझा वाटा तुझ्या नावच्या चेकनं मिळेल, उद्या ऑफिसात सही लागेल, तिथं योगेंद्रही येईल. एवढं तरी सगळं खरं होतं. ती म्हणाली, "भाऊनी मले बलावं ना? मंग करसू सही."

ती अंगणात गेल्यावर आईनं मला जवळ बोलावलं. आईला डोळे नाहीत, पण माझा आवाज तिला चांगला कळतो. योगेंद्र खरंच बदलला का, असं तिनं विचारलं. मी उठायला लागलो, तिनं माझा हात धरला. ती म्हणाली, "सही कराना पहिले तिले खरं सांगी दे." मी म्हटलं, सांगितलं तर ती उठून जाईल, आणि तुला मी कुठं ठेवू? आईनं माझा हात सोडून दिला. तो विषय तिनं पुन्हा काढला नाही.

सोमवारी दुय्यम निबंधक कार्यालयात आमची वेळ साडेअकराची होती. मी आणि रुपा अकरालाच जाऊन बसलो. साक्षीला मी दोन दुकानदार आणले होते. साडेअकरा झाले, वकील नाहीत. फोन केला, तर करणसिंग म्हणाला, साहेब कोर्टात उभे आहेत, दस्त टाइप होतोय. बारा. साडेबारा. आमचा नंबर पुकारला गेला आणि मागे पडला. कारकुनानं सांगितलं, पाचला काम बंद, त्याआधी आलात तर घेतो. मी व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होतो. नवी साडी नेसलेली रुपा बाकावर बसली होती आणि दर गाडीच्या आवाजाला मान वर करत होती. ती वकिलाची वाट पाहत नव्हती.

दुपारी तीनला योगेंद्रची जीप समोर चहाच्या टपरीजवळ थांबली. तो उतरला आणि तिथंच चहा घेत उभा राहिला. रुपानं त्याला पाहिलं. ती उठली, पदर सावरला, डोळे भरले होते. आणि रस्त्याकडे चालायला लागली.

तो तिला काय बोलेल ते मला माहीत होतं. भर रस्त्यात, टपरीवरच्या माणसांसमोर. मी पुढे होऊन तिच्या वाटेत उभा राहिलो. घर गेलं, असं मनात म्हणालो आणि बोललो, "रुपाताई, त्यानी मले धाडं नही. मी खोटं बोलनू."

तिला आधी कळलंच नाही. मग कळलं. तिनं टपरीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, परत येऊन बाकावर बसली. तेवढ्यात योगेंद्र चहा संपवून व्हरांड्यात आला. बहिणीकडे त्यानं एकदा पाहिलं आणि मला विचारलं, "हिले कोनी आनं?" तो आत जाऊन पंख्याखाली बसला. नऊ वर्षांनी समोर आलेल्या बहिणीला तो एक शब्द बोलला नाही. माझे हात शिवशिवत होते, पण त्याला मारायचा मला काय अधिकार होता? मी काय वेगळं केलं होतं?

मी रुपाला म्हटलं, तुला जायचं असेल तर स्टँडवर सोडतो, सहीचं विसर. ती उठली नाही. मग बोलली ते माझ्याशी की स्वतःशी, सांगता येत नाही. "सहीमुळेच तो कव्हयतरी मन्हा दारशी येई, आसं वाटे. सही दिधी का मंग मन्ही काय गरज त्याले?"

म्हणजे हे होतं. वाटणीसाठी नाही, पैशासाठी नाही. भावाला तिची गरज पडावी असं तिच्याकडे एवढंच उरलं होतं, आणि ते तिनं नऊ वर्षं जपून ठेवलं होतं. लखोटा तिनं का परतवला ते मला तेव्हा कळलं. वकिलांच्या फाईलमध्ये हे कुठंच नव्हतं.

हेमकांत वकील चार वाजून दहा मिनिटांनी आले. घामाघूम, हातात दस्त. आल्या आल्या माझी माफी मागितली आणि दस्त उघडला. त्यात रुपाच्या नावाची जागा कोरी. ती येईल याची खात्री नव्हती म्हणून नाव घातलं नाही, म्हणाले. बरोबर आलेला करणसिंग पान नव्यानं छापून आणायला धावत गेला. साडेचार. पान आलं, तर त्यात तिचं वय चुकलेलं. पुन्हा गेला. पावणेपाच. रुपा अजून बाकावरच होती. ती उठेल की नाही ते मला माहीत नव्हतं आणि विचारायची हिंमत नव्हती.

पाचला सात मिनिटं कमी असताना आमची नावं पुकारली. योगेंद्रनं सही केली, अंगठा दिला, कॅमेऱ्यात पाहिलं. मग अधिकाऱ्यांनी रुपाचं नाव घेतलं. ती आली. त्यांनी नेहमीप्रमाणे विचारलं, दस्त वाचून दाखवला का, मजकूर कबूल आहे का, कुणाचा दबाव नाही ना. असं ते प्रत्येकाला विचारतात आणि प्रत्येक जण मान हलवतो. रुपानं मान हलवली नाही. योगेंद्रनं घड्याळात पाहिलं, आणि मला दिसलं, त्याच्या ओठांवर बारीक हसू आलं होतं. वकीलसाहेबांनी कपाळ पुसलं. अधिकाऱ्यांनी पुन्हा विचारलं, "ताई, कबूल आहे का?"

तिनं भावाकडे पाहिलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "त्याले मी जोयजे नही, हाई आज दिखनं. तुम्हनी मायले ते घर जोयजे." आणि अधिकाऱ्यांना म्हणाली, "कबूल शे."

सही करताना तिचा हात स्थिर होता. मग मी अंगठा दिला. योगेंद्र पावती घ्यायलाही थांबला नाही. तो बाहेर पडला, जीप सुरू झाली आणि गेली. आता त्याला तिच्याकडे यायचं कधीच काही कारण उरलं नव्हतं. हे मीच केलं होतं, माझ्या वेळेत, माझ्या सोयीनं. आणि तिनं मला पुन्हा 'तुम्ही' म्हटलं होतं, तेही माझ्या लक्षात आलं होतं.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, घरी चल, आई वाट पाहतेय, आखाजी करून जा. ती स्टँडच्या दिशेनं चालतच राहिली. गाडीच्या पायरीवर पाय ठेवताना म्हणाली, "मुराळीबिगर मी माहेरले ऱ्हात नही." गाडी गेली. माझ्या हातात घराची पावती होती. सहा महिने ज्या कागदासाठी जिवाचं रान केलं तो मी खिशात कोंबला, घडी न घालता.

घरी आईनं दोन ताटं वाढून ठेवली होती. मी सगळं सांगितलं. ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं एक ताट झाकून ठेवलं आणि म्हणाली, उद्या जा आणि तिला घेऊन ये. आता काही मागायचं नाही, मग जायला काय हरकत आहे?

मंगळवारी मी पुन्हा रनाळ्याला गेलो. धनुबाई ओट्यावरच होती. तिनं मला बस म्हटलं नाही. शेजारणी दारात आल्या नाहीत. मी उन्हात उभा राहून हाक मारली. रुपा दारात आली, बाहेर आली नाही. म्हणाली, "आते कोनता कागदवर सही जोयजे?"

हे मला लागलं, आणि लागायलाच हवं होतं. मी म्हटलं, "कागद सरी ग्यात. नुसतं तुले लेवाले उनू."

"कोनी धाडं?"

"मन्ही मायनी."

तिनं माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं, पहिल्या दिवशी जेवढं पाहिलं नव्हतं तेवढं. खोटं शोधत असणार. मग आत गेली आणि पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. मी पाणी प्यायलो. ती म्हणाली, "या वरीस नही. पुढला वरीस या. उनात ते मी येसू."

मी एकटाच परत आलो. आई दाराशी उभी होती, दोन माणसांच्या पावलांचा आवाज ऐकायला. एकाचाच आला. मी रुपाचा निरोप सांगितला. तिनं तो ऐकून घेतला आणि विचारलं, "पुढला वरीस लगून मी ऱ्हासू का रे, भिला?"

मी तिचा हात धरून तिला आत न्यायला लागलो, आणि तिनं तो हळूच सोडवून घेतला, कारण या घरात तिला कुणाच्या हाताची गरज नव्हती.